सासूबाईंच्या नावावरचा फुकट शेअर



चातुर्मासात हिरव्या भाजीशिवाय रोजचा डबा कसा भरायचा, हे या वेळी लिहायचं ठरवलं होतं. तो लेख पुढच्या आठवड्यात. गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकाच गोष्टीची चर्चा चाललीय आणि ती गोष्ट चारशे वीस रुपयांची आहे. आकडा मी जुळवलेला नाही, पाच डॉलर गुणिले चौऱ्याऐंशी करून बघा.

झालं असं, की गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी आजीच्या नावाने एका ॲपवर अमेरिकन शेअर घ्यायचं खातं उघडलं. ऑफर होती. नवीन खातं उघडणाऱ्याला पाच डॉलरचा शेअर फुकट आणि त्याला घेऊन येणाऱ्यालाही तेवढाच. माझं किंवा यांचं नाव त्याने घेतलं नाही, कारण आम्ही "कशाला?" असं विचारलं असतं. आजी विचारत नाही. "आजी, इकडे बघ. आता मान हलव. आता मेसेज आला तो नंबर वाच." सासूबाईंना वाटलं, नातू मुंबईच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावून देतोय. त्यांनी फोनसमोर पदरही नीट केला.

सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. एफडीचं व्याज एवढंच त्यांचं उत्पन्न, तेही करपात्र मर्यादेच्या बरंच खाली. दर एप्रिलमध्ये बँकेत फॉर्म १५एच देऊन यायचं, की त्यांचा आणि आयकर खात्याचा वर्षभराचा संबंध संपला. सॅलिसबरी पार्कातलं आयकर सदन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण त्यांना ते ठाऊक आहे रिक्षावाल्याला सांगायची खूण म्हणून.

त्यांचा ई-मेल म्हणजे माझ्याच फोनवरचं दुसरं खातं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं सीएंकडे द्यायला गोळा करत होते, तेव्हा त्यात ॲपचं एक पत्रक सापडलं. सासूबाईंच्या नावावर एका अमेरिकन कंपनीचा ०.०१७ शेअर. डिसेंबरमध्ये तीन सेंट लाभांश, मार्चमध्ये तीन सेंट. दोन्ही वेळा त्यातला एकेक सेंट अमेरिकेने कापून घेतलेला. खात्यात शिल्लक चार सेंट. मी हसले आणि सीएंना फोन लावला. म्हटलं, याचं काही करायला नको ना?

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, यंदा तुमच्या सासूबाईंचं रिटर्न भरावं लागेल. आणि आयटीआर-१ नाही चालणार, आयटीआर-२."

मला हे माहीत नव्हतं आणि माझी खात्री आहे की तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसेल, म्हणून नीट सांगते. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशात काहीही मालमत्ता असेल, तर उत्पन्न करपात्र नसलं तरी त्याला रिटर्न भरावंच लागतं. कायद्यातच तसं आहे. शेअर किती रुपयांचा, अख्खा की तुकडा, विकत घेतलेला की फुकट आलेला, याला तिथे किंमत नाही. ॲप आपलं भारतातलं, त्यावरची भाषा आपली, पण शेअर अमेरिकेतल्या ब्रोकरकडे ठेवलेला असतो. म्हणजे तो परदेशी मालमत्ता झाला. आणि परदेशी मालमत्ता असली की पगारदार आणि पेन्शनवाल्यांचा सोपा आयटीआर-१ बाद होतो. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल एफए नावाचा तक्ता असतो, तो भरायचा. त्यात आपलं एप्रिल ते मार्च चालत नाही, जानेवारी ते डिसेंबर धरतात. २०२५ साली भरलेल्या रिटर्नमध्ये २०२४ च्या कॅलेंडर वर्षाची माहिती.

मग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो तक्ता सीएंच्या मुलीबरोबर फोनवर भरला. कंपनीचं नाव, अमेरिकेतला पत्ता, तिथला पिन कोड. शेअर आला तो दिवस, त्या दिवशीची किंमत, वर्षातली सर्वांत जास्त किंमत, ३१ डिसेंबरची किंमत. प्रत्येक किंमत त्या त्या दिवसाच्या स्टेट बँकेच्या डॉलर खरेदी दराने रुपयांत करून. सहा सेंट लाभांशाचे साधारण पाच रुपये झाले, ते इतर उत्पन्नात दाखवले. अमेरिकेने जे दोन सेंट कापले त्याची वजावट मागायची तर फॉर्म ६७ वेगळा. ती आम्ही सोडून दिली. ज्या घरात मेथीची काडीही वाया जात नाही, त्या घराने पावणेदोन रुपये अमेरिकेच्या सरकारला सोडले, याची नोंद इथे असू दे. सीएंची फी दोन हजार.

आता शेअर कोणत्या कंपनीचा, ते सांगायचं राहिलं. फुकटच्या शेअरमध्ये निवड ॲपची असते. कंपनी होती बर्गर विकणारी. पत्ता शोधायला मी तिची वेबसाइट उघडली आणि सासूबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. पहिल्याच पानावरचा फोटो त्यांनी पाहिला. पन्नास वर्षांत या बाईने कांदासुद्धा घरात आणू दिलेला नाही.

त्या ओरडल्या नाहीत. वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं, हात धुतले, आणि कपाटातून एक पिवळी पडलेली वही काढून आणली. खूप वर्षांपूर्वी त्यांनी साध्वीजींसमोर परिग्रह-परिमाण घेतलं होतं. आपल्यापैकी ज्यांच्या सासवांनी, आयांनी घेतलंय त्यांना माहीत आहे, आपल्या मालकीचं किती असेल याची हद्द आपणच ठरवून लिहायची. घर एक. सोनं अमुक तोळे. साड्या इतक्या. ठेवी अमुक रकमेपर्यंत. त्या वहीत बोट फिरवत त्या मला म्हणाल्या, "यात हे कुठे बसतं ते दाखव. मी मागितलं नाही, मी घेतलं नाही, मग माझं कसं झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. कायद्याने उत्तर सोपं आहे: पॅन तुमचं, ओटीपी तुम्ही वाचलात, म्हणून तुमचं. संमती अशीच मोजतात हल्ली, सहा आकड्यांत.

या विषयावर आमच्या गच्चीतल्या मंडळात दोन तट पडले. जाऊबाई म्हणाल्या, "चारशे वीस रुपयांसाठी कोण बघतंय? टाक सोडून." पुष्कळ जणी तिच्या बाजूला होत्या. तिचं अगदीच चूक नाही, हे मी आधी कबूल करते. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर दहा लाख रुपये दंड आहे. पूर्वी सवलत होती ती फक्त बँक खात्यांना, तीही पाच लाखांपर्यंत. म्हणजे शेअरचा तुकडा लपवला तर कागदावर दहा लाखांचा दंड बसू शकत होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने हे बदललं. जमीन-घर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल तर तो दंड आता लागत नाही. तेव्हा सासूबाईंना दहा लाखांची भीती दाखवणारा कुणी भेटला तर त्याला हे ऐकवा.

पण दंड गेला, तक्ता गेला नाही. दाखवायची सक्ती तशीच आहे. आणि "कोण बघतंय" म्हणाल तर २०१५ साली भारत आणि अमेरिकेने करार केला आहे, त्यानुसार खात्यांची माहिती एकमेकांना जाते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मोहीमच काढली होती. ज्यांच्या परदेशी खात्यांची माहिती आली पण रिटर्नमध्ये उल्लेख नाही, अशांना एसएमएस आणि ई-मेल गेले, ३१ डिसेंबरपर्यंत सुधारून भरा म्हणून.

तरी माझा मुद्दा कोण बघतंय हा नाहीच. रिटर्नच्या शेवटी आपण सही करतो, की वर लिहिलंय ते खरं आणि पूर्ण आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं. प्रवचनात महाराज त्याचा अर्थ करचुकवेगिरीपर्यंत नेतात आणि आपण सगळ्या माना डोलावतो. तिथे चारशे वीसला सूट आहे असं मी कधी ऐकलं नाही.

आता कराचा भाग. इथे फार गोंधळ आहे, तोही समजून घेऊ. "फुकट" या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

खातं उघडलं म्हणून ॲपने शेअर दिला, ही आपले सीए भेट धरतात. नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर कर नाही, पण ॲप काही आपला मामा लागत नाही. परक्याकडून वर्षभरात मिळालेले शेअर, सोनं, दागिने, चित्रं असलं सगळं मिळून बाजारभावाने पन्नास हजारांच्या आत असेल तर कर नाही. पन्नासच्या वर एक रुपया गेला तर वरच्या रुपयावर नाही, पूर्ण रकमेवर कर. रोख भेटींची पन्नास हजारांची मर्यादा वेगळी मोजतात. शेअर आणि दागिने यांना हा नियम १ ऑक्टोबर २००९ पासून लागला, त्याआधी फक्त रोख रकमेला होता. सासूबाईंचे चारशे वीस इथे सुटले.

पण आमच्या चिरंजीवांना आजीला आणल्याबद्दल जो शेअर मिळाला, तो मला भेट वाटत नाही. काम केलं, त्याचा मोबदला मिळाला. मोबदल्याला पन्नास हजारांची सवलत नसते, पहिल्या रुपयापासून ते उत्पन्न. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याच भिशीच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी लिंक टाकते, "माझ्या कोडने उघडा, दोघींना फायदा." चाळीस जणींनी उघडलं तर तुम्हाला मिळालेले पैसे कमिशन आहेत. कधी त्यावर टीडीएसही कापलेला असतो, आणि तो तुमच्या पॅनवर २६एएस आणि एआयएसमध्ये दिसतो. पोर्टलवर लॉगिन करून एकदा बघा तरी. आणि तिथे दिसलं नाही म्हणजे उत्पन्न नाही, असंही नाही.

तिसरी गोष्ट कंपनीने आपल्याच भागधारकांना दिलेले बोनस शेअर. त्यावर मिळताना कर नाही. सासूबाईंचं माहेर अमळनेरचं, म्हणून हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. १९४५ साली तिथे वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि गावातल्या ज्या घरांनी तेव्हाचे शेअर विकले नाहीत त्यांच्याकडे बोनसवर बोनस येत राहिले. सासूबाईंच्या काकांचेही होते. "पण ते फुकट नव्हते," त्या म्हणतात, "काकांनी आधी पैसे घातले होते, आणि चाळीस वर्षं त्या कागदांची ट्रंक सांभाळली होती."

बोनस शेअरची खरेदी किंमत साधारणपणे शून्य धरतात. जुन्या शेअरना सवलत आहे, ३१ जानेवारी २०१८ चा भाव आधाराला घेता येतो. आणि फुकट मिळालेल्या शेअरचं खरं मर्म इथेच आहे. मिळताना ज्याच्या किमतीवर कर भरला, त्याची तीच किंमत पुढे खरेदी किंमत धरता येते. ज्यावर भरला नाही, त्यासाठी आपण काहीच दिलेलं नाही, म्हणून आमचे सीए शून्य धरतात. म्हणजे विकाल तेव्हा आलेली सगळी रक्कम नफा. कर माफ झाला असं आपल्याला वाटतं, तो दाराआड उभा असतो.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला रॉबिनहूडवर असाच शेअर मिळाला होता. तिथे हिशेब उलटा. मिळाला त्या दिवशीचा भाव म्हणजे त्या वर्षाचं उत्पन्न, रक्कम लहान म्हणून ब्रोकरने फॉर्म पाठवला नाही तरी. आणि तोच भाव पुढे खरेदी किंमत. सुरुवातीलाच चावतात, पण एकदाच. मला तीच पद्धत सरळ वाटते.

आपल्याकडच्या पद्धतीबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. वीस लाखांपर्यंत दंड नको हे सरकारला पटलं, तर ज्या आजीचं करपात्र उत्पन्नच नाही तिच्यावर पाच डॉलरसाठी आयटीआर-२ ची सक्ती तरी का? किरकोळ रकमेची काहीतरी हद्द हवी. दहा हजार ठेवा, पाच हजार ठेवा. लपवणारा लाखांत लपवतो. या तक्त्यात आज अडकतात त्या घरातल्या बायका, ज्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी खातं उघडलंय.

आणि ॲपवाल्यांचं काय? "अभिनंदन" हे पूर्ण स्क्रीनभर आलं होतं, कागदाचे तुकडे उडवत. "हा शेअर घेतलात तर तुम्हाला दरवर्षी रिटर्न भरावं लागेल आणि सोपा फॉर्म चालणार नाही" एवढं एक वाक्य, मराठीत, ओटीपीच्या आधी दाखवायला काय जात होतं? अटींमध्ये कुठेतरी आहे, मी नंतर शोधलं. करासंबंधी जबाबदारी ग्राहकाची. खरंच आहे ते, पण आजीला ग्राहक कुणी केलं?

माझा सगळ्यात जास्त राग मात्र घरावर आहे, आणि त्यात मी आले. आपल्या नावावर घरात काय काय चालतं हे आपण बघत नाही. सासरे होते तेव्हा सदाशिव पेठेतल्या पुणे स्टॉक एक्स्चेंजच्या एका ब्रोकरकडे त्यांचं खातं असायचं. फॉर्मवर सासूबाईंची सही लागली की ते कागद घरी आणायचे, सासूबाई देवपूजा आटोपून सही करायच्या, न वाचता. आता सहीऐवजी ओटीपी. पण तेव्हा निदान कागद घरात यायचा, चार दिवस टेबलावर पडायचा, कुणीतरी विचारायचं हे काय आहे. आता मान हलवली की झालं. माझ्या दोन मैत्रिणींनी हे ऐकून आपापल्या नावाचं डिपॉझिटरीचं एकत्रित स्टेटमेंट काढलं. एकीच्या नावावर तीन डिमॅट खाती निघाली, तिला एक माहीत होतं. हे स्टेटमेंट पॅनवरून निघतं, फुकट. हे मात्र खरोखर फुकट. परदेशी शेअर त्यात दिसत नाहीत, त्यासाठी मुलांनाच समोर बसवून विचारावं लागतं.

चिरंजीवांना सीएंची फी त्यांच्या खिशातून द्यायला लावली. त्यांचंही रिटर्न आता आयटीआर-२ मध्येच आहे. आजीपुढे ते दोन दिवस आले नाहीत, मग येऊन "मिच्छामि दुक्कडम्" म्हणाले. संवत्सरीला अजून महिना आहे, सासूबाईंनी ते आगाऊ जमा करून घेतलं.

शेअर त्यांनी विकायला सांगितला, त्याच दिवशी. आपल्या नावावर तो एक रात्रही नको होता त्यांना. चोवीस महिन्यांच्या आतला म्हणून अल्पकालीन नफा, त्यांच्या उत्पन्नात मिळवला तरी कर शून्यच. पण पैसे अमेरिकेतल्या खात्यात. ते इकडे आणायची फी पाच डॉलर. मी ते वाचून दाखवल्यावर सासूबाई एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "जितकं आलं तितकंच गेलं, बरं झालं. वही कोरी राहिली."

खातं बंद करायचा अर्ज केलाय. बंद करण्याचं कारण निवडा म्हणून ॲपने पाच पर्याय दिले, त्यात त्यांचं कारण नव्हतं, "इतर" वर बोट ठेवलं. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, आमचं भरून झालं. २०२५ मध्येही काही महिने तो तुकडा त्यांच्या नावावर होता, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा आयटीआर-२, पुन्हा तो पत्ता आणि पिन कोड. फाइल मी १५एच च्या पाकिटाशेजारी ठेवली आहे.